चार वर्षांची पलटण

काळ चाकासारखा फिरतो असं ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवलंय ते सगळे चाकाच्या वरच्या अंगाला बसलेले होते. खाली, मातीला घासत जाणाऱ्या अंगाला कोण आहे हे बघायला त्यांना मान वाकवावी लागली असती. ती त्यांनी वाकवली नाही.

आपल्याकडचंच घ्या. सत्य, त्रेता, द्वापर, कली. चार युगं झाली की परत पहिल्यापासून. एकटं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, म्हणजे तुमच्या-माझ्या हयातीत काही हलणार नाही याची पक्की सोय. आणि कलियुग वाईट का? तर पुराणं सांगतात, शूद्र उंच आसनावर बसून धर्म सांगतील, वर्णांची सरमिसळ होईल. मग एका ब्राह्मणाच्या घरी कल्की जन्माला येईल आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. ज्याला हे जगबुडी म्हणतात त्यात माझी आई रात्रीच्या वर्गात बसून सही करायला शिकली.

दोस्तहो, मी शिकलेला माणूस नाही. दहावीच्या पुढं शाळा बघितली नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, कंत्राटात. गिरणीचं नाव इथं नको, उद्या गेटवर आत घेणार नाहीत. तिसऱ्या पाळीत रात्री दोनच्या सुमारास अर्धा तास सुट्टी मिळते. बाकीचे कापसाच्या गाठीला टेकून डोळा लावतात. मी वाचतो. कविता वाचायचो, आता इतिहास वाचतो. कवितेनं पेटायला होतं, पण कुणी पेटवलं ते इतिहासातच सापडतं.

तर त्या अर्ध्या अर्ध्या तासांत मला इब्न खल्दून भेटला. १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेला, १४०६ साली कैरोत मेलेला. सुलतानांच्या चाकऱ्या केल्या, तुरुंग बघितला, आणि १३७७ साली एका गढीत बसून 'मुकद्दिमा' नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं साधं आहे. राज्य उभं राहतं ते 'असबिया'वर, म्हणजे माणसं एकमेकांसाठी जीव द्यायला तयार असतात त्या ओढीवर. पहिली पिढी वाळवंटातून येते, उपाशी, काटक, एकजुटीची. दुसरी गादीवर बसते. तिसरी गादीवरच जन्मते आणि मऊ होते. चाळीस वर्षांची एक पिढी, तीन पिढ्या, एकशेवीस वर्षं. मग दुसरे कुणी उपाशी येतात. घराण्याच्या इज्जतीचाही त्यानं असाच हिशेब मांडला. कमावणारा, कमावणाऱ्याला बघितलेला, नुसतं ऐकून वागणारा, आणि चौथा घालवणारा.

माणूस हुशार. त्याचं माप आपल्याकडं लावून बघा. बाळाजी विश्वनाथला १७१३ साली पेशवेपद मिळालं. त्याचा मुलगा पहिला बाजीराव. त्याचा मुलगा रघुनाथराव. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव. मोजा, बरोबर चार. १८१८ साली चौथ्यानं घालवलं. एकशेपाच वर्षं. खल्दूनला महाराष्ट्र माहीत नव्हता, तरी त्याचं गणित पंधरा वर्षांच्या फरकानं बसलं. आणि घालवणाऱ्याचं काय झालं? इंग्रजांनी त्याला बिठूरला नेऊन ठेवलं आणि वर्षाला ८ लाख रुपये पेन्शन दिली. १८५१ साली मरेपर्यंत खाल्ली. हा आकडा ध्यानात ठेवा, पेन्शनीचा विषय पुढं येणार आहे.

मग मी नदीच्या दुसऱ्या काठाकडं बघितलं. नदी भीमा, गाव कोरेगाव, तारीख १ जानेवारी १८१८. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेची एक पलटण, पायदळ पाचशेच्या आसपास, बरोबर थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा, दिवसभर अन्नपाण्यावाचून पेशव्याच्या मोठ्या फौजेपुढं टिकून राहिली. तिथं जो खांब उभा आहे त्यावर मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ महारांची. नावाच्या शेवटी 'नाक' लावलेली. पलटणीत दुसऱ्या जातीधर्माचेही होते, ते लपवायचं कारण नाही. यावर लोक भांडतात, की ते पेशवाई बुडवायला गेले होते का पोटासाठी गेले होते. मी म्हणतो, पोटासाठी गेले होते. पोट असणं हा काही गुन्हा नाही. पण ज्या गावात त्यांना सावली सांभाळून चालायला लागायचं, त्याच मुलखात दगडात त्यांची नावं कोरली गेली, आणि ती त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नावं होती. एवढं मला पुरतं.

१ जानेवारी २०१८ ला दोनशे वर्षं झाली तेव्हा मी तिथं गेलो होतो. मिसरूड फुटायचं वय. आजीनं भाकरी बांधून दिलेली. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला, दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद झाला. ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. आम्ही एका घराच्या आडोशाला तीन तास बसलो होतो. तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, की त्या २२ जणांच्या पोरांचं पुढं काय झालं? नातवंडांचं? खल्दूननं पेशव्यांच्या पिढ्या मोजायची सोय करून ठेवली. यांच्या कोण मोजणार?

मोजायला लागलो तर चाकाच्या जागी मला एक दार दिसायला लागलं.

कंपनीला माणसं हवी होती. मुंबई इलाखा लहान. वरच्या जातींचे शिपाई समुद्र ओलांडायला कुरकुरायचे, सोवळंओवळं काढायचे. महार जायचा, पडेल तिथं झोपायचा, मिळेल ते शिजवायचा. म्हणून दार उघडं. आणि आत काय होतं? बंदूक होती हे सगळे सांगतात. माझ्या मते बंदुकीपेक्षा मोठी वस्तू आत होती ती म्हणजे पलटणीची शाळा. शिपायाला आणि त्याच्या पोरांना अक्षरओळख सक्तीची. गावातल्या शाळेच्या पायरीवरसुद्धा ज्याला बसू देत नव्हते त्याला छावणीत मास्तर हातात पाटी देत होता.

मालोजी सकपाळ पलटणीत गेले. त्यांचा मुलगा रामजी पलटणीत वाढला, शिकला, पलटणीच्या शाळेत मास्तर झाला, सुभेदार झाला. भीमाबाईंच्या माहेरचे मुरबाडकर, तेही सुभेदारांचं घर. रामजींचा भीमराव १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मला.

आणि १८९२ च्या सुमारास दार बंद झालं.

का? उत्तर अगदी सोपं आहे. लढाया आता वायव्य सरहद्दीकडं होत्या, भीती रशियाची होती, आणि सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या डोक्यात 'लढवय्या जाती' भरल्या होत्या. कोण शूर, कोण भेकड, हे रक्तावर ठरतं म्हणे. पलटणी जातवार बांधायला घेतल्या. त्यात महाराच्या हाताखाली वरच्या जातीचा शिपाई राहणार नाही ही अडचणही पुढं केली गेली. पाऊणशे वर्षं जो चालला तो एका कागदानं नालायक ठरला. कोरेगावचा खांब तिथंच उभा होता, सरकारनंच बांधलेला. तो कुणी वाचला नाही.

बघा, भीमराव जन्मला आणि वर्षाभरात दार लागलं. पाच-दहा वर्षं आधी लागलं असतं तर? मला हे 'जर-तर' आवडत नाही, पण या एका ठिकाणी झोप उडते.

दार लागल्यावर आत शिकलेली जी माणसं बाहेर राहिली त्यांनी काय केलं? त्यांनी लेखणी उचलली. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले, दापोलीला राहिले. तिथं पेन्शनर लोकांची वस्तीच होती. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. १८९४ साली सैन्यभरतीसाठी विनंतीपत्र लिहिलं. त्यात त्यांचा मुद्दा असा, की आम्ही मूळचे क्षत्रिय, १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात नाही ते खावं लागलं म्हणून खाली ढकलले गेलो.

हे वाचून मला त्रास होतो. दाराशी उभं राहून माणसाला सांगावं लागतं की मी तुमच्यासारखाच होतो हो, फक्त भूक लागली होती. पण गोपाळबाबांवर राग धरता येत नाही. दार ज्यांचं होतं त्यांना रक्ताचीच भाषा कळत होती, म्हणून त्यांनी रक्ताच्या भाषेत लिहिलं.

पुढच्या पिढीतले शिवराम जानबा कांबळे, पुण्याचे. १९०३ साली त्यांनी सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली आणि १५८८ सह्यांचा अर्ज सरकारकडं धाडला. पंधराशे अठ्ठ्याऐंशी सह्या! त्या काळात त्यातल्या किती जणांना सही येत असेल, किती आंगठे असतील, मी रिंगफ्रेमपुढं उभा राहून याचा विचार करतो. अर्ज फेटाळला. १९१० साली परत अर्ज, या वेळी थेट विलायतेला, भारतमंत्र्याकडं. त्यात पलटण, पोलीस, सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा मागितल्या. आणि आता सगळा भार आम्ही कोण होतो यावर नव्हता. आम्ही माणसं आहोत, या सरकारची रयत आहोत, आमचा हक्क आहे, असा सूर होता. दार तेच, बंदी तीच. पण सोळा वर्षांत ठोठावणाऱ्याचा आवाज बदलला होता. खल्दूनच्या पुस्तकात या आवाजासाठी कुठं जागा नाही.

अर्जानं दार उघडलं नाही. ते पहिल्या महायुद्धानं उघडलं. माणसं कमी पडायला लागली, आणि रक्तातला भेकडपणा एका रात्रीत गेला. १९१७ साली '१११ महार' नावाची पलटण उभी केली. इथं माझ्या घराची गोष्ट सुरू होते.

माझा खापरपणजा त्या पलटणीत गेला. माणदेशातलं गाव, पाऊस नाही, महारकीच्या भाकरीवर आठ तोंडं. भरतीवाले तालुक्याला आले आणि तो मागं वळून न बघता गेला. युद्ध १९१८ साली संपलं. सरकारनं खर्चाला कात्री लावली, पलटणी मोडल्या, जोडल्या. १९२१ साली १११ महार मोडीत निघाली. चार वर्षं. पेन्शन नाही. डगला जमा करून घेतला आणि घरी पाठवलं.

माझी आजी नवी नवरी होऊन आली तेव्हा हा खापरपणजा, म्हणजे तिचा आजेसासरा, जिवंत होता. ती सांगते, "त्यो म्हातारा परसाकडं निघाला तरी डावा-उजवा, डावा-उजवा चालायचा. पाय वाकडा पडायचा न्हाई त्येचा. पलटणीतनं आला आनि आठव्या दिशी येसकरपाळी त्येच्यावर आली बघ. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, आनि गावातनं भाकरी मागत फिरायचं. पर चाल तीच! पोरं मागं लागायची, पलटण्या आला, पलटण्या आला."

गावात आमच्या घराला अजून पलटण्याचं घर म्हणतात. मी लहानपणी याचा अभिमान धरायचो. ते कुत्सितपणे ठेवलेलं नाव आहे हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

मालोजी, रामजी, भीमराव, अशा तीन पिढ्या चढत गेल्या. राजांची घराणी तीन पिढ्यांत जे घालवतात त्याच्या उलट हिशेब. हे खरं आहे आणि ते मी छाती पुढं काढून सांगतो. पण प्रत्येक घरात रामजी सुभेदार नव्हते. माझ्या खापरपणज्याला चार वर्षांत कवायत शिकवली, अक्षर शिकवलं नाही. घाईचं युद्ध होतं, शाळेला वेळ नव्हता. दार उघडलं तरी दरवेळी आत तेवढंच सामान असतं असं नाही, दोस्तहो. ही गोष्ट चाकाच्या सिद्धांतात बसत नाही, म्हणून ती कुणी लिहीत नाही.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या खांबापाशी आले. ते आता अर्जदार नव्हते, बॅरिस्टर होते, मुंबईच्या कौन्सिलात होते. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचं तळं. ते सांगायला नको. सैन्याचा विषय त्यांनी सोडला नाही. दुसरं महायुद्ध आलं, परत माणसं कमी पडली, आणि जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले. वलंगकर दाराबाहेर होते, कांबळे दाराबाहेर होते. हा पहिला माणूस, जो आतल्या टेबलाशी खुर्चीवर बसून विचारत होता. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब.

माझा पणजा १९४२ साली गेला. खापरपणज्यानं त्याला अडवलं म्हणतात. "चार वर्सं ठेवतील आनि हाकलतील, तवर हितं वतन जाईल." पणजा गेलाच. १९४६ साली परत आला. चार वर्षं!

पण इथं मला थांबायला लागतं, कारण इथं माझा सिद्धांत मोडतो आणि तो मोडला म्हणून मला आनंद होतो. माझा पणजा घरी आला, हजारो शिपाई घरी आले, पण या वेळी रेजिमेंट मोडली नाही. १९४६ साली ती मशीनगनची रेजिमेंट केली. पुढं तिच्यात सगळ्या देशातली, सगळ्या जातींची माणसं आली. १९८७ साली श्रीलंकेत तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मारले गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. ती आजही आहे. १८९२ ला जे झालं, १९२१ ला जे झालं, ते तिसऱ्यांदा झालं नाही. चाक असतं तर झालंच असतं. चाकाला कोण टेबलाशी बसलंय याच्याशी काय देणंघेणं?

आता थोडा अमेरिकेला जातो. उगीच नाही जात. १९९७ साली विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या दोघांनी 'द फोर्थ टर्निंग' नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते फार गाजलं. ते म्हणतात, ऐंशी-नव्वद वर्षांचा एक फेरा असतो, त्यात वीस-वीस वर्षांचे चार ऋतू, आणि दर चौथ्या ऋतूत मोठं संकट. अमेरिकेची क्रांती, मग तिथलं यादवी युद्ध, मग दुसरं महायुद्ध. अंतर बघा, ऐंशीच्या आसपास. गणित छान जमतं. आपण १९७२ साली पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं, त्या काळ्या माणसांची पट्टी मी या गणिताला लावून बघितली.

नोव्हेंबर १७७५, वॉशिंग्टनचा हुकूम: काळ्यांना फौजेत घेऊ नका. दीड महिन्यात माणसं कमी पडली, हुकूम सैल. क्रांती जिंकली. १७९२ सालचा मिलिशिया कायदा: फक्त गोरे. (आमचं १८९२, त्यांचं १७९२. शंभर वर्षांचा फेरा असतो असं उद्या मीही पुस्तक लिहीन!) १८६३ साली यादवी युद्धात परत दार उघडलं, १,८०,००० च्या आसपास काळे शिपाई लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातले ३ कपड्यापोटी कापायचे. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं तो पगार घ्यायलाच नकार दिला. फुकट लढू पण कमी घेणार नाही म्हणाले. १८६४ साली कायदा बदलला. युद्धानंतर चार काळ्या रेजिमेंटा ठेवल्या, आणि १८७७ पासून दक्षिणेत त्यांना परत गोऱ्यांच्या पायाखाली सोडून दिलं. १९१७ ला परत हाक. हार्लेमची ३६९ वी पलटण फ्रान्समध्ये १९१ दिवस आघाडीवर होती. घरी आले तर १९१९ चा उन्हाळा, शिकागोपासून गावोगाव काळ्या वस्त्यांवर हल्ले. १२ फेब्रुवारी १९४६ ला आयझॅक वुडर्ड नावाचा शिपाई, दुसऱ्या महायुद्धातून त्याच दिवशी सुटलेला, अंगावर वर्दी, बसनं घरी चाललेला. साउथ कॅरोलिनात पोलिसांनी त्याला बसमधून उतरवून मारलं आणि त्याचे दोन्ही डोळे फोडले. मारणाऱ्या पोलीस प्रमुखाला ज्यूरीनं अर्ध्या तासात सोडलं. पण या वेळी ओरडणारे संघटित होते. २६ जुलै १९४८ ला ट्रूमनला फौजेतला रंगभेद संपवायच्या हुकुमावर सही करावी लागली.

दोन देश, दोन समाज, एकमेकांना न ओळखणारे. १९१९ ला त्यांचे शिपाई परत येऊन मार खात होते, १९२१ ला माझा खापरपणजा परत येऊन भाकरी मागत होता. यात ऋतूबितू काही नाही. पावसाळ्यावर कुणाची सही नसते. १७९२ च्या कायद्यावर सही होती, १८९२ च्या धोरणावर होती, १९२१ च्या मोडीवर होती. ज्याच्यावर सही असते ते बदलता येतं, म्हणून तर सही करणाऱ्याला चाकाची गोष्ट सांगायला आवडते.

आता गिरणीकडं येतो. तिथंही एक दार होतं. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं पहिल्यापासून होती, पण त्रासन खात्यात. साचाखात्यात, जिथं पगार जास्त, तिथं बंदी. कारण धोट्यात नवीन कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून काढायला लागायचं, आणि महाराच्या ओठाला लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? लाल बावटा खांद्यावर घेतलेल्यांनाही हा धोटा बाटलेला वाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कुठं संपवाल्या पुढाऱ्यांनी तो नाइलाजानं मागण्यांत घेतला.

माझा आजा १९६४ साली मुंबईला गेला. तोवर बंदी कुठं लिहिलेली नव्हती, तरी आमच्या गावची सगळी माणसं त्रासनमध्येच. आजा पंधरा वर्षं बाबीन बदलत राहिला. १९७९ साली एका ओळखीच्या जॉबरनं त्याला साच्यावर घेतलं. आजी सांगते, त्या दिवशी त्यानं अख्ख्या खोलीला मटण घातलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. ती गिरणी परत धड चालू झालीच नाही. आज तिथं काचेची इमारत आहे, आणि गेटवर उभा असतो तो आमच्याच गावचा एकजण, सिक्युरिटीच्या ड्रेसमध्ये.

माणूस हवा असतो तेव्हा दार उघडतात हे मी वर लिहिलं. यात आणखी एक भर घालतो. घर रिकामं करायला काढलं की आधी दारांची बंदी उठते.

चार पिढ्या झाल्या. पलटण, पलटण, गिरणी, आणि बाप. बापाचं लिहिलं नाही कारण त्याला कुठलं दार भेटलंच नाही. तो ट्रकवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर, आता घरी आहे. पाचवा मी, कंत्राटात. माझ्या पाठीवर एक भाऊ आहे, एकोणीस वर्षांचा.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर. चार वर्षं पलटण, मग शंभरातले पंचवीसपर्यंत ठेवणार, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन घरी. पेन्शन नाही. ही सगळ्या जातींच्या पोरांना सारखीच आहे, यात जात नाही, हे मला मान्य आहे. गावात पाटलाचा पोरगाही याच्याबरोबर पळतो. पण पाटलाच्या पोरानं चार वर्षांनी परत यायचं तर चार एकर बागायतीत. याच्यासाठी काय आहे? येसकरपाळी नाही, ती कायद्यानं गेली. मग सिक्युरिटीचा ड्रेस आहे.

मी त्याला नको म्हणू का? खापरपणजा पणज्याला नको म्हणाला होता. त्यानं ऐकलं नाही, आणि नाही ऐकलं तेच बरं केलं असं मला वाटतं. रेजिमेंट टिकली ती त्याच्यासारखे गेले म्हणूनही टिकली. पण तेव्हा त्यांच्या पाठीमागं सल्लागार समितीत एक माणूस बसला होता. याच्या पाठीमागं कोण बसलंय, ते मी शोधतोय.

मागच्या आठवड्यात मी तिसरी पाळी करून सुट्टीला गावाकडं गेलो. एस.टी.तून उतरलो तेव्हा साडेपाच वाजले होते, अंधार होता. हा पटांगणात पळत होता. मला बघून आला, धापा टाकत.

"दादा, खापरपणज्याला किती वर्सं ठिवलं व्हतं?"

"चार."

"पणज्याला?"

"चारच."

तो हसला. खाली बसून बुटाची नाडी बांधली. म्हणाला, "सोळाशे मीटर साडेपाच मिन्टांत काढायला लागतंय. मोबाईलवर टाईम लाव की."

मी लावला. तो गेला. वळणावर दिसेनासा झाला, परत दिसला. पाय एका लयीत पडत होते, डावा-उजवा. रेषेवर आला तेव्हा मी बटण दाबलं. पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

"किती झालं?"

मी सांगितलं. तो कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "परत लाव."